स्वागत समिती नेहमी मॅडमकडेच का जाते?

नमस्कार ताई,

मी नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा विभागप्रमुख आहे. २२ वर्षं शिकवतोय. गेल्या महिन्यात नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तयारीसाठी विभागाची बैठक झाली, तेव्हा समित्यांची यादी मी वाचून दाखवली. स्वागत आणि रांगोळी, सूत्रसंचालन, विद्यार्थिनी समुपदेशन यांवर नेहमीप्रमाणे मॅडम लोकांची नावं होती. अँटेना विषयात पीएच.डी. केलेल्या आमच्या एक सहकारी मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, चौथ्या वर्षीही रांगोळीच? आणि अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचं कन्सल्टन्सीचं काम माझ्या विषयातलं असून मला विचारलंसुद्धा नाही." ते काम मी एका तरुण सरांना दिलं होतं. मॅडमचं मूल लहान आहे, कंपनीत संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागतं, म्हणून. काळजीपोटीच. तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला दिसतच नाही, सर." सगळ्यांसमोर.

मला ते फार लागलं. मी आयुष्यात कुणा बाईशी वाईट वागलेलो नाही. माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते आहे. आमच्या वर्गात जवळजवळ निम्म्या मुली आहेत, पहिल्या पाचात चार मुलीच असतात. मी शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारलं, इथे भेदभाव होतो का? सगळ्या "नाही सर" म्हणाल्या. एका मित्राने अमेरिकेतला एक अभ्यास पाठवला, विज्ञानाचे प्राध्यापक बायकांना कमी लेखतात असं सांगणारा. १२७ प्राध्यापकांवरून केवढे मोठे निष्कर्ष! उलट निवडीत बायकांनाच दुप्पट पसंती मिळते, असाही अभ्यास मला सापडला. मी तर फक्त गुणवत्ता बघतो.

आता प्राचार्यांनी मला जेंडर ऑडिटच्या, म्हणजे कॉलेजात स्त्री-पुरुषांना समान वागणूक मिळते का हे तपासणाऱ्या, समितीवर घातलं आहे. बाकी सगळ्या बायकाच. नाही म्हणू का? मॅडमशी बोलू का, आणि काय बोलू? की हे बाहेरून आलेलं फॅड आहे म्हणून सोडून देऊ?

– एक विभागप्रमुख, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार सर,

तुम्ही माणूस म्हणून वाईट आहात का, हा प्रश्न आधी बाजूला ठेवू. मॅडमनी तो विचारलेलाच नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: चौथ्या वर्षी आलेली रांगोळी आणि न विचारता दुसरीकडे गेलेलं काम. दोन्ही तपासता येतात, दोन्हींचे कागद तुमच्याच कपाटात आहेत. तुम्ही मात्र उत्तरादाखल तुमची वागणूक, तुमची मुलगी आणि तुमची २२ वर्षं पुढे केलीत. प्रॅक्टिकलला एखाद्या विद्यार्थ्याचं रीडिंग चुकलेलं दिसलं, तर तुम्ही त्याला ते परत घ्यायला लावता. तो घरी किती सज्जन आहे, हे ऐकत बसत नाही. इथेही तेवढंच करायचं आहे.

कन्सल्टन्सीचं आधी बघू. ज्या तरुण सरांना ते काम दिलंत, त्यांना लहान मूल आहे का? पत्रात लिहिलेलं नाही, आणि यादी करताना तुमच्याही मनात तो प्रश्न आला नसणार. असलंच तर ते सांभाळायला घरी कुणीतरी आहे, असं तुम्ही धरून चाललात. मॅडमना विचारलं असतं, तर त्या कदाचित म्हणाल्या असत्या की सासूबाई आहेत, थांबेन मी. किंवा म्हणाल्या असत्या की शनिवारी दिवसा जाऊन मोजमापं घेते. किंवा, "या वेळी नाही जमणार, सर." हे शेवटचं उत्तर आलं असतं तरी ते त्यांचं असतं. तुम्ही ते त्यांच्या वतीने देऊन मोकळे झालात.

त्यात नुकसान कुणाचं आणि किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अंबडचं काम म्हणजे कंपनीत ओळख, त्या ओळखीतून पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट, त्यातून एखादा पेपर, आणि पदोन्नतीच्या वेळी फाइलला लावायला भक्कम कागद. चार वर्षांच्या रांगोळीतून फार तर कॉलेजच्या वार्षिक अंकात एक रंगीत फोटो निघतो.

(येवला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे की काय, पण नॅकची समिती यायची असली की आपल्याकडे 'लेडीज स्टाफने पैठणी नेसावी' असा तोंडी फतवा निघतो. सरांनी ब्लेझर घालून प्रयोगशाळा दाखवायच्या, मॅडमनी ताट घेऊन दारात उभं राहायचं. आणि त्याच नॅकला जेंडर इक्विटीचे, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचे, पुरावे जोडायचे! या विसंगतीवर कुणी हसतसुद्धा नाही, याचंच मला जास्त नवल वाटतं.)

तुम्ही म्हणाल, रांगोळीला मी कुणाला जबरदस्ती केली नव्हती. खरं आहे. बहुतेक ठिकाणी कुणीच करत नाही. "स्वागताचं कोण बघणार?" असा प्रश्न येतो, खोलीत शांतता पसरते, चार-पाच नजरा मॅडम लोकांच्या ओळीकडे वळतात आणि त्यांच्यातली एक "करते मी" म्हणते. या शांततेवर अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. ते २०१७ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आले. तिघातिघांचे गट केले. कुणीतरी एकाने पुढे व्हावं, फायदा तिघांचा, पण पुढे होणाऱ्याच्या पदरात सगळ्यांत कमी पडणार, अशी रचना होती. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायका पुरुषांपेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त वेळा पुढे झाल्या. पण गट फक्त पुरुषांचे केले, तेव्हा पुरुष अगदी निमूट पुढे झाले. फक्त बायकांच्या गटांत बायका होत होत्या तितकेच. म्हणजे अशी कामं बायकांना मुळातूनच आवडतात, असं काही नाही. समोर बाई असली की ती करेल, असं सगळेच धरून चालतात, ती स्वतःसुद्धा. कुणाला विनंती करायची हे ठरवायची पाळी आली, तेव्हा पुरुषांनीही आणि बायकांनीही बायकांनाच जास्त विचारलं. ज्या विभागात एकही मॅडम नाही, तिथेही रांगोळी निघतेच की. कुणीतरी सर फोन करून माणूस बोलावतात, पैसे देतात आणि काम होतं.

आता तुमच्या मित्राने पाठवलेला अभ्यास. तो येल विद्यापीठातला, २०१२ चा असणार. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज विज्ञान विभागांतल्या १२७ प्राध्यापकांकडे पाठवला होता. निम्म्या प्रतींवर जॉन, निम्म्यांवर जेनिफर. बाकी स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. जॉन जास्त सक्षम ठरला आणि त्याला वर्षाला सरासरी ३०,००० डॉलरहून थोडा जास्त पगार सुचवला गेला. जेनिफरला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. आणि असं करण्यात स्त्री प्राध्यापकही मागे नव्हत्या.

नमुना लहान आहे, असा शेरा तुम्ही मारलात. जरूर मारावा, एका अभ्यासावर जग उभं करू नये. पण पुढची गंमत ऐका. २०१५ मध्ये याच अभ्यासाचा गोषवारा वेगवेगळ्या लोकांना वाचायला देऊन, 'हे संशोधन तुम्हाला कितपत दर्जेदार वाटतं' असं विचारण्यात आलं. पुरुषांनी त्याला बायकांपेक्षा कमी गुण दिले, आणि ही तफावत विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांमध्ये विशेष ठळक निघाली. त्याच संशोधनात भेदभावावरच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा गोषवाराही वापरला होता, आणि काही जणांना तो मुद्दाम बदलून दिला होता, 'भेदभाव आढळला नाही' असं सांगणारा. त्याच्याशी पुरुषांनी एवढा कडकपणा दाखवला नाही. पद्धत तीच, फक्त निष्कर्ष उलटा.

म्हणून तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. बायकांना दुप्पट पसंती मिळते असं सांगणारा जो अभ्यास सापडला, त्याचा नमुना, त्याची पद्धत तुम्ही तितक्याच बारकाईने तपासलीत का? तो कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांचा आहे, तोही २०१५ चाच, आणि खोटा मुळीच नाही. पण त्यात काल्पनिक उमेदवारांची वर्णनं होती, तीही उत्तम उमेदवारांची, आणि प्रश्न होता पहिल्या नेमणुकीचा. तुमच्या मॅडम दारातून आत येऊन बसल्याला काही वर्षं झाली. त्यांची तक्रार आत आल्यानंतरची आहे. तिला तो अभ्यास उत्तर देत नाही.

'मी फक्त गुणवत्ता बघतो' असं म्हणणारे प्राध्यापक मला आवडतात, कारण बहुतेक जण ते मनापासून म्हणतात. पण गुणवत्ता दिसायला ती दाखवायची जागा आधी मिळावी लागते. पुढच्या वर्षी कन्सल्टन्सीला माणूस निवडताना अनुभव बघाल, तेव्हा अनुभव त्या तरुण सरांकडेच असेल. तुम्ही अगदी निःपक्षपातीपणे पुन्हा त्यांनाच निवडाल.

मुलींना विचारलंत, ते चांगलं केलंत. पण सर, तुम्ही विभागप्रमुख. त्यांचे टर्मवर्कचे मार्क तुमच्या सहीने जातात. तुम्ही समोर बसून "भेदभाव होतो का?" असं विचारल्यावर "हो सर" म्हणणारी मुलगी मला तरी अजून भेटलेली नाही. आणि भीती बाजूला ठेवली, तरी त्या खरंच बोलत असतील. विद्यार्थिनीला पहिल्या बाकावर बसता येतं, पहिला नंबर काढता येतो, परीक्षेच्या पेपरात कुठे अडत नाही. जे अडतं ते पुढे अडतं.

बॉस्टनजवळच्या एमआयटीत हेच दिसलं होतं. नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंना माशांच्या टाक्यांसाठी प्रयोगशाळेत थोडी जास्त जागा हवी होती. मिळेना. शेवटी १९९० च्या दशकात त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री सगळ्यांच्या प्रयोगशाळा स्वतः मोजून काढल्या. जागेच्या वाटपात बायका मागे होत्या. मग त्यांनी विज्ञान शाखेतल्या इतर वरिष्ठ बायकांना गाठलं. त्या होत्याच किती? १९९४ मध्ये कायमस्वरूपी पदांवर १९४ पुरुष आणि १५ बायका. १९९९ मध्ये संस्थेने अहवाल जाहीर केला. त्यात म्हटलं होतं की तरुण प्राध्यापिकांना फारसं काही खटकत नाही, वरिष्ठ झालेल्यांना मात्र आपण कडेला सारल्या गेलो असं वाटतं. आणि प्रत्येक नवी पिढी समजते की हा प्रश्न मागच्या पिढीबरोबर मिटला. त्या वेळचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट तुमच्यासारखेच इंजिनिअर, मेकॅनिकलचे. अहवालाला जोडलेल्या टिपणात त्यांनी लिहिलं की या भेदभावात काही वास्तव असतं आणि काही नुसतं वाटणं असतं, असं आपण मानत आलो होतो. आता कळतंय की त्यात वास्तवाचाच भाग कितीतरी मोठा आहे. आकडे समोर आल्यावर संस्थेने पगार आणि जागा दुरुस्त केल्या.

आपल्याकडचे आकडेही तुमच्या वर्गासारखेच सुरू होतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली होत्या, मुलगे २७.४ लाख. मुली पुढे. आणि प्रत्यक्ष संशोधन-विकासाच्या कामावर असलेल्यांत बायका किती? २०१८ च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्के. मधल्या बायका कुठे गेल्या, याचं 'लग्न आणि मुलं' हे तयार उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं. आपल्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आणि बंगळुरूच्या संशोधक अनिता कुरूप यांनी २०१० मध्ये सहकाऱ्यांबरोबर या प्रश्नाचा अभ्यास केला आणि संशोधनाबाहेर पडलेल्या पीएच.डी. झालेल्या बायकांनाच कारणं विचारली. घर हे एकमेव कारण नव्हतं. योग्य नोकरीच मिळाली नाही, असं कितीतरी जणींचं म्हणणं होतं. म्हणजे ज्याला आपण त्यांचा निर्णय म्हणतो, तो बराचसा संस्थांनी घेतलेला होता.

आणि बाहेरून आलेलं फॅड? १९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. लेखिका दुर्गा भागवतांची ही बहीण. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. त्यांनी नकार दिला. मुलगी आहे म्हणून. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला: पहिलं वर्ष नुसतं पारखण्याचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करायचं, आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेची दारं मुलींसाठी उघडली. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. रामन काही मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. आपण संस्थेची शिस्त राखतो आहोत, असंच त्यांना वाटत असणार. आणि गंमत बघा, बाई असल्याने त्यांना उशिरापर्यंत थांबण्याची अट घातली गेली. तुमच्या मॅडम उशिरापर्यंत थांबू शकणार नाहीत, असं तुम्ही विचारण्याआधीच ठरवलंत. नव्वद वर्षांत युक्तिवाद उलटा झाला, पण ठरवणारा टेबलाच्या त्याच बाजूला बसलेला आहे.

आता काय करायचं ते.

गेल्या पाच वर्षांचे समित्यांचे आदेश काढा. ते टाइप केलेले, जावक क्रमांकासह असतात, त्यामुळे आठवणीवर विसंबायला नको. कुणाला काय मिळालं ते स्वतः मोजा. स्वागत, सूत्रसंचालन, सहलीबरोबर जाणं एकीकडे. खरेदी, प्लेसमेंट, कन्सल्टन्सी, नव्या प्रयोगशाळेचा ताबा दुसरीकडे. बाहेरगावच्या परिषदांना कुणाची नावं गेली, चांगले प्रोजेक्ट गट कुणाकडे गेले, तेही बघा. हे काम मॅडमवर सोपवू नका. तक्रार त्यांनी करायची आणि पुरावेही त्यांनीच गोळा करायचे, ही एक आणखी रांगोळीच झाली. आणि ती मोजणी अर्ध्यात सोडून "तसं फार वाईट नाही" असं ठरवू नका. तो मोह होईल.

मॅडमशी जरूर बोला, पण केबिनमध्ये बोलावून "मला किती लागलं" हे सांगू नका. तुमची समजूत घालणं त्यांच्या कामात बसत नाही. त्या बैठकीत बोलल्या होत्या, तुम्हीही पुढच्या बैठकीतच बोला, दोन वाक्यांत: आदेश तपासले, हे असं निघालं, या वर्षापासून स्वागत समिती आडनावांच्या क्रमाने फिरेल, सर असोत की मॅडम. पहिलं नाव तुमचं स्वतःचं घालता आलं तर उत्तम. दोन-तीन सर हसतील. हसू द्या.

तरुण सरांकडून काम काढून घेऊ नका. त्यांचा काही दोष नाही, आणि तसं केलंत तर वर्षभर त्याचं खापर मॅडमवर फुटेल. अँटेनाचा भाग मॅडमना विचारून त्यांच्याकडे द्या आणि कंपनीला पाठवायच्या पत्रात त्यांचं नाव तज्ज्ञ म्हणून लिहा. त्या नाही म्हणाल्या, तर "बघा, मी म्हणत होतो ना" असं मनातसुद्धा म्हणू नका. पुढच्या वेळी पुन्हा विचारा. कंपनीच 'मुलगे पाठवा' म्हणते, अशी सबब प्लेसमेंटकडून येते, ती तुम्हालाही ऐकू येत असेल. यादी पूर्ण पाठवायची, नावं कंपनीला गाळू द्यायची आणि का गाळली ते लेखी मागायचं. बहुतेक जण लेखी देत नाहीत.

मुलीचा उल्लेख तुम्ही अभिमानाने केलात. चार-पाच वर्षांनी ती कुठल्यातरी कंपनीत किंवा विभागात बसलेली असेल, आणि तिचा वरिष्ठ तिची तुमच्याइतकीच काळजी करणारा निघाला तर तिला ते कसं वाटेल, हे तिला आत्ताच विचारा. नुसतं ऐका, उत्तर देऊ नका.

राहिली ऑडिटची समिती. नाही म्हणू नका. तुम्ही बाहेर पडलात तर तो सात बायकांनी सात बायकांसाठी लिहिलेला कागद होईल आणि फाइलमध्ये जाईल. फक्त अध्यक्षपद पुढे केलं तर घेऊ नका. इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. ते नेहमी कुणाकडे जातं, हे तुम्हाला आदेश मोजताना कळेलच. आणि पहिली बैठक संध्याकाळी साडेपाचला ठेवली असेल, तर ती दुपारी घ्या.

– ताई